घरगाडीतला भरला गडू

ये गं, अशी जवळ सरक. तू बसलीस तिकडं जालन्याला, तरी मनानं सरक. लांब बसलं की तुम्हा पोरींची जीभ सुटते. परवा फोनवर काय म्हणालीस? "मामी, आईनं अंथरूण धरलंय, मामांची वाट बघून डोळे गेलेत तिचे, आणि दारात जीप असून तू त्यांना आणत नाहीस. कसला जीव गं तुझा?" असं मामीला बोलतात व्हय? लहानपणी सुट्टीत इथं यायचीस तेव्हा माझ्याच ताटातली पुरणपोळी ओढायचीस तू. विचारलंस ते बरं केलंस, पण आधी ऐकून घ्यायचं, मग बोलायचं.

सगळं त्या घरगाडीपाशी येऊन थांबतं. तू बघितलीस ती, आमच्या पैठण रोडच्या घरासमोर पांढरी उभी असते. बिडकीनची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली आणि तुझे मामा रिकामे झाले. ट्रॅक्टर चालवलेला माणूस, मागं काही जोडल्याशिवाय पुढं जायची सवयच नाय. वाळूजच्या एका शेडमधून त्यांनी ही करून घेतली. दोन चाकं, आत पलंग, छोटा ओटा, शेगडी, खिडकीला जाळी. जीपच्या मागं लोखंडी गोळा आणि घरगाडीच्या दांडीला उपडी वाटी. वाटी गोळ्यावर बसली की झालं. पण ती बसवणं म्हणजे काय, ते मला विचार.

जीप मागं घ्यायची ह्यांनी आणि मागं उभं राहून हात दाखवायचा मी. हे मान वळवत नसत. आरशात माझा हात दिसला पाहिजे, आणि हात चुकला की शिवी. म्हैसमाळला, वेरुळला, जिथं जाऊ तिथं माणसं जमायची. "डावीकडं दाखवतीस का माशा हाकलतीस? घरी चुलीपाशी ठेवायला पाहिजे होतं तुला." माणसं हसायची. मीपण हसायची. हसलं की लवकर संपतं.

घरगाडी घेऊन पहिल्यांदाच पैठणला गेलो माझ्या माहेरी, तेव्हाची गोष्ट. माझ्या भावाचं अंगण रस्त्याकडं उतरतं. गाडी सोडायची तर एक रीत असते. आधी दोन्ही चाकांना दगड. मग दांडीखालचा जॅक खाली टेकवायचा. मग लाइटीची वायर, साखळ्या, आणि सगळ्यात शेवटी वाटीचा खटका. मी म्हटलं, "अहो, दगड." हे म्हणाले, "तू गप. माहेरी आलीस म्हणून अक्कल आली का?" सासुरवाडीच्या दारात रुबाब दाखवायचा होता ना. वायर काढली, साखळ्या काढल्या, खटका उघडला, जॅकवर दांडी उचलली. आणि घर निघालं की गं! जॅकच्या इवल्याशा चाकावर गडगडत उतारानं गेलं आणि गोठ्याच्या दगडी हौदावर जाऊन धडकलं. आतली शेगडी, डबे, सगळा खळखळाट. माझी आई ओसरीवर, गल्लीतली सगळी दारात.

माझा भाऊ पोट धरून हसला. "दाजी, घर पळालं की तुमचं! धरा, धरा, बायको तरी धरून ठेवा!"

त्यानंतर पैठणला कुणी दाजी म्हणून हाक मारली की पोरंटोरंसुद्धा विचारायची, घर कुठं बांधून ठेवलंय म्हणून.

तुझे मामा हसले नाहीत. जेवले नाहीत. तसेच गाडी जोडून परत निघाले. आणि दुसऱ्या दिवशीपासून गडू आला.

तांब्याचा गडू, देवघरातला. काठोकाठ पाणी भरायचं आणि घरगाडीच्या ओट्यावर ठेवायचा. मग गाडी जोडायची. वाटी गोळ्यावर नीट अलगद बसली तर पाणी हलतं, सांडत नाही. धक्का बसला तर सांडतं. म्हणाले, "पैठणला जायचं असलं की हा गडू ठेवायचा. थेंब सांडला तर जाणं रद्द. धड जोडता येत नाय, मग पुन्हा तिथं जाऊन हसं करून घ्यायचं का?"

जीप त्यांच्या पायाखाली, आणि थेंबाचा हिशोब माझ्या हाताच्या इशाऱ्यावर. कळलं का तुला? वेरुळला जाताना गडू नाय. देवळाला जाताना गडू नाय. तुमच्याकडं जालन्याला येताना तर कधीच नाय. फक्त पैठण.

मी शिकले. काय करणार? आई होती ना तिकडं. हात किती उचलला की जीप किती मागं येते, ह्यांनी ब्रेक दाबला की कुठं थांबते, वाटी गोळ्याच्या वर आली की जॅक किती हळू उतरवायचा, सगळं शिकले. कधी सांडायचं, कधी नाय. सांडलं की मी पदरानं ओटा पुसायची आणि पैठणला न्यायला केलेले लाडू आम्हीच खायचो.

मग आई आजारी पडली. भावाचा सकाळीच फोन आला. "ताई, आज ये. उद्यावर नको टाकू." मी हातातलं काम टाकलं. ह्यांना सांगितलं. ह्यांनी शांतपणे चहा प्यायला, उठले, देवघरात गेले आणि गडू भरून आणला.

"आज तरी नको ओ," मी म्हटलं.

"नियम म्हणजे नियम," म्हणाले. "जोडायची असली तर चल, नायतर बस."

आधीच एस.टी.नं का नाही गेले म्हणशील. अगं, नवऱ्याबरोबर जायचं, जावयाला घेऊन जायचं, हेच डोक्यात बसलेलं. आईनंच बसवलेलं.

मी मागं उभी राहिले. त्या दिवशी माझा हात असा चालला की काय सांगू. जीप लोण्यावर सरकावी तशी मागं आली. वाटी बरोबर गोळ्यावर. मी जॅक उतरवला, किती हळू, एकेक वेढा मोजत. टक असा बारीक आवाज आला. खटका लावला, साखळ्या लावल्या, वायर जोडली, जॅक वर घेतला, दगड काढले. मग आम्ही दोघं आत चढलो.

गडू भरलेला. पाणी काठाच्याही वर फुगून थरथरत होतं. ओटा कोरडा. मी ह्यांच्याकडं बघितलं. आता म्हणतील चल, असं वाटलं मला. म्हातारपणी का होईना, एकदा म्हणतील की बरी जोडलीस.

ह्यांनी एक बोट पुढं केलं, गडूच्या काठाला लावलं आणि जरासं कलंडवलं. पाणी ओट्यावरून खाली माझ्या पायावर आलं.

"सांडलं," म्हणाले. "म्हैसमाळला जाऊ. हवा चांगली हाय आज."

आणि उतरून घराच्या दारापुढच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसले.

मी रडले नाय. आधी पाणी पुसलं. मग गडू पुन्हा काठोकाठ भरून तिथंच ठेवला. खाली उतरले. दोन्ही चाकांना दगड लावले, जॅक टेकवला, वायर, साखळ्या, खटका, सगळं रीतीनं. जॅक फिरवला तशी वाटी गोळ्यावरून उचलली गेली. तोवर मी एकटीनं गाडी कधी सोडली नव्हती. आत जाऊन बघितलं. थेंब सांडला नव्हता. ह्यांना दाखवायला नाय हं, मलाच बघायचं होतं. मग पिशवी घेतली, रस्त्यावर येऊन हात केला आणि पैठणची एस.टी. धरली. ह्यांनी पेपराचं पान उलटलेलं मला फाटकापर्यंत ऐकू आलं.

आई जागी होती. मी हाक मारली तसे डोळे उघडले तिनं. मी तिचा हात हातात घेतला.

"जावई कुठं हायत?" तिनं विचारलं.

"आले नाय, आई. मी आले."

"एकटी?"

"व्हय."

"मग त्यांच्या जेवणाचं काय केलंस?"

तिनं हात काढून घेतला माझ्या हातातून आणि भिंतीकडं तोंड केलं. "असं टाकून येतात का माणसाला," एवढं म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाय. भावाशी बोलली, भावजयीकडं पाणी मागितलं. मी उशाशीच होते. दोन दिवसांनी गेली.

भाऊ दारात उभ्या असलेल्या माणसांना सांगत होता, "ह्या वेळेला घर नाय, बायकोच पळून आली." दुःखाच्या घरात हसू येतं माणसांना, दाबलेलं. मी ऐकलं ते.

तेराव्याला तुझे मामा आले. घरगाडी घेऊन आले, कुणी हात न दाखवता, एकटे. त्याच उतरत्या अंगणात उभी केली. दोन्ही चाकांना दगड लावले, हातानं दाबून बघितले, आणि माझ्या भावाकडं बघत उभे राहिले. भाऊ मान खाली घालून म्हणाला, "या दाजी, हात धुऊन घ्या." ह्यांचा चेहरा उजळला गं. जिंकले होते ना. पोटभर जेवले.

मी परत आले आणि छावणीत एका आपांकडं जीप शिकायला लागले. आपा बायकांनाच शिकवतात. पहिल्याच दिवशी विचारलं त्यांनी, "इस उमर में क्यों शौक चढ़ा, अम्मा?" मी म्हटलं, "शौक नाय आपा, पुन्हा कुणाला हात दाखवायचा नाय." त्या हसल्या नाहीत. मला चावी दिली.

आता मला कुणी मागं उभं लागत नाय. गोळ्यापाशी एक काठी उभी बांधते, लाल चिंधी लावून. वाटीपाशी दुसरी. आरशात दोन चिंध्या एकावर एक आल्या की पाय उचलायचा. गल्लीतले बघत बसतात. म्हणतात, म्हातारी सुई ओवल्यासारखी जोडते.

आणि तुझ्या मामांना कंपवात झाला. पाय धड आहेत, डोकं धड आहे, पण हात स्थिर राहत नाय. चहाचा कप धरला की कप वाजतो बशीवर. जीप सुटली, पेपरसुद्धा धरता येत नाय, टेबलावर पसरून वाचतात.

तुझी आई पडली, खुबा मोडला, तुझा फोन आला. त्या दिवशी मामा ढसाढसा रडले. "मला बहिणीकडं ने," म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. ऐकतेस ना? लगेच. दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली, त्यांच्या गोळ्या घेतल्या. अंगणात जाऊन गाडी जोडली, कारण त्यांना वाटेत आडवं व्हायला लागतं. सगळं तयार करून मी हाक मारली, "या हो."

हे स्वयंपाकघरातून आले. हातात गडू.

मी मागितला नव्हता. माझ्या मनातही नव्हता, देवाशपथ. त्यांनीच भरला, त्यांनीच आणला. दोन्ही हातांनी धरलेला, तरी पाणी हिंदकळत होतं. स्वयंपाकघरापासून, बैठकीतून, पायरीवरून, अंगणातून, मागं सगळी ओली रेघ. घरगाडीत चढले आणि ओट्यावर गडू ठेवला. निम्मा राहिला होता. मग माझ्याकडं बघितलं. शाळेतलं पोर मास्तरकडं बघतं तसं.

तुझी मामी काय म्हणाली सांगू? "सांडलं," म्हणाली.

त्यांनी मान हलवली, खाली उतरले, चपला काढून पायरीखाली लावल्या. मी चाकांना दगड लावले, रीतीनं गाडी सोडली. दशम्या दोघांनी मिळून खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

तेव्हापासून रोज सकाळी ते गडू भरतात आणि स्वयंपाकघरापासून घरगाडीपर्यंत चालतात. सराव करतात. मी चहा पीत बसलेली असते. "काल पायरीवर लई सांडलं, आज कमी हाय बघ," म्हणतात. मी म्हणते, "व्हय, कमी हाय." मग फरशी पुसते, नायतर पाय घसरायचा त्यांचा. औषधाच्या वेळा मी चुकवत नाय, भाकरी कुस्करून मीच देते, रात्री पाय मीच चेपते. असं टाकून जात नाय मी माणसाला. आईला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

भरला गडू ओट्यावर पोचेल त्या दिवशी मी त्यांना आणीन. मी बोट लावणार नाय, एवढा शब्द देते तुला. पण डॉक्टर म्हणतात, हात आता दिवसेंदिवस जास्तच थरथरणार, कंप कमी व्हायचा नाय. ते मामांना मी सांगितलेलं नाय, तूपण सांगू नकोस.

म्हणून म्हणते, फोनवर भांडू नकोस. तूच ये. आईला मागच्या सीटवर आडवी कर, डोक्याखाली उशी दे, रस्ता आता चांगला झालाय, हाडाला धक्का बसायचा नाय. फाटक मी उघडं ठेवते, घरगाडी बाजूला घेते तुमच्या गाडीला जागा व्हावी म्हणून. सकाळी ये, चहाच्या वेळेला, म्हणजे मामा अंगणातच भेटतील. लवकर ये गं, त्यांच्या बोटांत गडू धरायचं बळ आहे तोवर ये.