अंगठी काढून गायलेलं गाणं

इग्लालच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात चांदीची एक जाडजूड अंगठी होती. ना खडा, ना नक्षी. अंगठी होती ती वाजवायला. कैरोच्या शुब्रा भागातल्या आमच्या गल्लीत तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. भाजीवाल्याला वर बोलवायचं तर आधी बाल्कनीच्या कठड्यावर टक टक, मग हाक. आणि हाक तरी कशी, तर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला झोपलेलं मांजर उठून बसायचं.

हा गळा तिला बापाकडून मिळाला. बाप ट्रामचा कंडक्टर. थांब्यांची नावं तो असा गाऊन पुकारायचा की उतरायचे ते लोक बसूनच राहायचे. पोरगी सतराव्या वर्षी इमाद अल-दीन रस्त्यावरच्या संगीत नाटक कंपनीत गेली तेव्हा घरात आदळआपट झाली ती आईकडून. बापानं एवढंच विचारलं, की पहिल्या खेळाला मला पुढची खुर्ची मिळेल ना.

कंपनीत अकॉर्डियन वाजवायला वग्दी होता. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, काटकुळा, सदा कसल्या तरी चिंतेत. एका उन्हाळ्यात अलेक्झांड्रियाच्या मुक्कामात भर गाण्यात दिवे गेले. मुख्य नट किंचाळून विंगेत पळाला. इग्लाल मात्र जागची हलली नाही. अंधारात वग्दीचे सूर कानानं धरून ती गात राहिली, आणि लोकांनी काड्या ओढून तिचं तोंड पाहिलं. त्या दिवसापासून दोघांचं मेतकूट जमलं. लोक काय वाटेल ते बोलायचे, पण तसलं काही नव्हतं, मी सांगते. तिनं लग्न केलं ते तिकीट खिडकीवरच्या साध्यासुध्या माणसाशी. तिचा एकुलता मुलगा दोन महिन्यांचा होऊन गेला तेव्हा नवऱ्याबरोबर कबरस्तानात गेला तो वग्दीच. पुढं या मुलाबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. वग्दीपाशीही नाही. त्याला ते माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

मग घरोघरी टीव्ही आले आणि नाटकवाल्यांचे दिवस फिरले. एका थिएटरात चपलांचं दुकान निघालं, दुसऱ्यात लग्नं लागायला लागली. वग्दीचं नशीब बरं, तो एका स्टुडिओत शिरला. परदेशातले कार्टूनचे सिनेमे तिथं आपल्या कैरोच्या बोलीत आणायचे. हळूहळू तो तिथला संगीत दिग्दर्शक झाला आणि त्यानं इग्लालला बोलावून घेतलं.

तिचं पहिलं काम होतं एका पडसं झालेल्या हंसिणीचं. काम वाटतं तेवढं सोपं नाही हो. पडद्यावरची तोंडं आधीच उघडून मिटलेली असतात. तुमचे शब्द, तुमचं हसू, तुमचा श्वास, सगळं त्या तोंडांत नेमकं बसायला हवं. इग्लालचं बसायचं. चार वर्षांच्या पोरीपासून नव्वदीच्या कासवापर्यंत सगळ्या वयांत तिला हसता यायचं. स्टुडिओत यान्सूनच्या, म्हणजे बडीशेपेसारख्या दाण्यांच्या काढ्याचा गरम पेला शेगडीवरून आला की ती दोन घोट घ्यायची, खुर्ची बाजूला सारायची आणि उभ्यानं गायची. बसून गायलेलं बसलेलंच येतं, म्हणायची.

आमच्या गल्लीतल्या पोरांनी तर तिला उच्छाद आणला होता. जिन्यात गाठून म्हणायची, ताँत इग्लाल, मावशी, हंसीण काढ. ती बिचारी हातात टोमॅटोची पिशवी घेऊन शिंकायची.

पण पाटीवर नाव? ते कुठून येणार. सिनेमा संपल्यावर जी पाटी येते तिच्यावर असायचं, "कलावंतांचा संच." सुरुवातीला तिला त्याचं काही वाटलं नाही. पण वरच्या मजल्यावरच्या उम्म हिशामची जीभ म्हणजे विळी. ती एकदा चारचौघींत म्हणाली, म्हशीसारखं तर मीही ओरडते, पण माझं नाव निदान दारावर आहे. सगळ्या हसल्या, इग्लालही हसली. नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यानंतर मात्र तिनं वग्दीकडे धोशा लावला. एकदा, फक्त एकदा, पाटीवर माझं नाव घाल. माझ्या डोळ्यांसमोर, या बायकांच्या डोळ्यांसमोर.

आता अंगठीचं सांगते. मोठी गाणी नावाजलेल्या गायिकांना मिळायची. त्यांना चाल आणि तोंडांची उघडझाप कळावी म्हणून आधी एखादी जुनी गायिका ते गाणं पूर्ण गाऊन ठेवायची. त्याला कच्चं गाणं म्हणत. नाववाली बाई ते ऐकून शिकणार, आपल्या आवाजात गाणार, आणि कच्चं पुसलं जाणार. पण समजा नाही पुसलं, तर? म्हणून कच्चं गाणाऱ्या बायकांचा आपला एक रिवाज होता. गाताना अंगठीनं लोखंडी स्टँडवर ताल धरायचा, प्रत्येक मात्रेला टक. नाववालीला ताल कळतो, आणि ते गाणं सिनेमात कुणाला वापरता येत नाही. कुलूपच म्हणा ना. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण अंगठीशिवाय कच्चं गाणं गाणारी बाई अख्ख्या कैरोत सापडली नसती.

त्या साली आला पाणमांजरांचा सिनेमा. पुरात पिल्लू वाहून जातं आणि आई काठाकाठानं धावत त्याला गाऊन हाका मारते. ते गाणं इग्लाललाच, असं वग्दीनं कबूल केलं होतं. मग मालकांनी टीव्हीवरच्या मायसाला आणलं. पोरगी देखणी, गोड बोलणारी, आणि त्या गाण्याच्या वरच्या सुराला लागली की फाटणारी. वग्दी इग्लालला म्हणाला, तू कच्चं गा, तिला शिकव, मी पाटीवर "गायन मार्गदर्शन" म्हणून तुझं नाव घालतो. शब्द देतो.

इग्लालनं विचार केला. गाणं नाही तर नाही. नाव तर येतंय.

रेकॉर्डिंगच्या सकाळी स्टुडिओत दोघंच होती. तिनं हेडफोन चढवले, हात स्टँडवर ठेवला. काचेपलीकडून वग्दी आत आला.

"सित्त इग्लाल, आज अंगठी काढ."

एवढ्या वर्षांत त्यानं तिला "सित्त", म्हणजे बाईसाहेब, म्हटलं ते चार लोकांसमोर. एकटी असताना कधीच नाही. तिथंच तिनं सावध व्हायला हवं होतं, पण माणूस जिथं विसंबतो तिथं कान बंद ठेवतो.

"का रे?"

"पोरगी घाबरते त्या टकटकीनं. म्हणते, बाई मला छडी मारतेय असं वाटतं. श्वास ऐकू दे तिला तुझा."

"आणि कुणी तसंच उचलून वापरलं तर?"

"मी बसलोय ना इथं."

तिनं अंगठी ओढून काढली. बोटाला पांढरा वळ पडला होता. त्यानं अंगठी आपल्या खिशात टाकली आणि ती गायली. वाजवायला काही नव्हतं म्हणून हाताचं काय करावं तिला कळेना, तो तिनं पोटाशी धरला. तिसऱ्या कडव्याआधी अचानक तिचा गळा भरला. तिनं आवंढा गिळला आणि तशीच पुढं गेली. चाळीस वर्षं जे कधी तोंडातून निघालं नव्हतं ते त्या कडव्यात गेलं. काचेमागं वग्दीनं मान खाली घातली. पुन्हा गाऊ का, असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला, नको, राहू दे. घरी आल्यावर तिला आठवलं, अंगठी त्याच्याकडेच राहिली. देईल पुढच्या वेळी, तिला वाटलं. पुढच्या वेळेचं बोलावणं काही आलं नाही. मायसा पटकन शिकली, तुझी गरज पडली नाही, असं त्यानं फोनवर सांगितलं.

छोट्या ईदला सिनेमा लागला. इग्लालनं उम्म हिशामला, तिची सात वर्षांची नात नेस्मा हिला, मला, आणि आणखी तिघीचौघींना धरून नेलं. पर्समध्ये घरचे काह्क, ईदची गोड बिस्किटं, बांधून घेतले होते. बजावून ठेवलं होतं, दिवे लागले तरी कुणी उठायचं नाही, पाटी शेवटी येते.

पाणमांजरीण गायला लागली आणि मी इग्लालकडे पाहिलं. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. पहिल्या कडव्यात ती सावरून बसली. दुसऱ्यात तिनं पर्स गच्च धरली. तिसऱ्या कडव्याआधी अख्ख्या थिएटरात तो आवंढा ऐकू आला, आणि उम्म हिशामनं रुमाल काढला.

"याला म्हणतात आवाज," ती हुंदका देत म्हणाली. "ऐक, इग्लाल. शीक काहीतरी."

दिवे लागले. लोक उठले, झाडूवाला शिरला. आम्ही बसून राहिलो. पाटी आली. पाणमांजरीण, संवाद आणि गायन, मायसा. त्याच्या खाली, संगीत दिग्दर्शन आणि गायन मार्गदर्शन, वग्दी. पाटी वर सरकत गेली आणि पडदा पांढरा झाला. तुझं कुठंय, असं उम्म हिशामनं विचारलं. ते गाणं मी गायलेय, इग्लाल म्हणाली. उम्म हिशाम या वेळी हसली नाही. तिनं इग्लालच्या पाठीवरून हात फिरवला. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली. भांडायला नाही, अंगठी मागायला. वग्दीनं टेबलाचा खण उघडला. अंगठी कागदात नीट गुंडाळून, वर दोरा बांधून ठेवलेली होती. विसरलेली वस्तू अशी कुणी ठेवत नाही.

"पोरीला जमलंच नाही," तो म्हणाला. "तारीख जवळ आली. मालकांनी विचारलं, हे कुणी गायलंय. मी म्हटलं, मायसानं."

"तू म्हटलंस?"

"मी म्हटलं. एवढं चांगलं गाणं पुसायचं? माझ्या हातून नसतं झालं."

"आणि माझं नाव पुसलंस, ते झालं हातून."

त्यानं खण लोटून बंद केला.

"ते कुणासाठी गायलेय, तुला माहीत होतं, वग्दी. एकट्या तुला."

तिनं दोरा तोडला, अंगठी बोटात घातली आणि जिना उतरली. चाळीस वर्षांचं नातं, पण निरोपही घेतला नाही. बरं केलं. मी असते तर टेबल उलथून आले असते. त्यानंतर तिनं त्या स्टुडिओचं तोंड पाहिलं नाही. दुसरीकडूनही एकदोन बोलावणी आली, तिनं फोन ठेवून दिला. हंसीणही तिनं काढायची बंद केली.

सिनेमाचं ते गाणं मात्र सगळ्या शहराच्या तोंडी झालं. पोरं जिन्यात गायची, बेसूर, शब्द गाळून. एक दिवस दुपारी इग्लाल बाल्कनीत मसूर निवडत बसली होती. खाली नेस्मा तिसरं कडवं चुकवत होती, पुन्हा पुन्हा, तिथंच. इग्लालनं बराच वेळ कळ काढली. मग ताट खाली ठेवलं, उभी राहिली आणि कठड्यावर अंगठीनं ताल धरून गायली. आवंढ्यासकट. समोरच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

नेस्मा मान वर करून ऐकत होती. संपल्यावर तिनं टाळ्या वाजवल्या.

"ताँत, छान गातेस तू. फक्त ती टकटक नको करू. मग अगदी मायसासारखं येईल."

इग्लालनं बोटातल्या अंगठीकडे पाहिलं. ती तिनं काढली नाही. ताट उचललं, आत गेली आणि मसूर चुलीवर चढवले.