तीस मिलिमीटर

मुलाने तीन वर्षांत मला विचारलेला पहिला प्रश्न स्प्रिंगांचा होता. तोसुद्धा थेट मला नाही. त्याने आईला फोन केला, तिच्या गुडघ्याची चौकशी झाली, भात किती झालं ते विचारून झालं, आणि ठेवता ठेवता तो म्हणाला, "बाबांना विचार, गाडी खाली बसवायचीय. वीस, तीस आणि पंचेचाळीस मिलिमीटर खाली घेणाऱ्या, अशा तीन मापांच्या स्प्रिंगा मिळतात. कुठल्या घेऊ?" बायको तशीच अंगणात आली आणि शाळेत पाढे म्हणावेत तसं तिने ते मला म्हणून दाखवलं. तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. मला कळलं आणि मी पायरीवर बसलोच.

माझं महाडला हायवेवर कमानींचं दुकान होतं. ट्रकच्या चाकावर पोलादी पाट्यांची जी चळत असते, ती कमान. कशेडी चढणारे ट्रक कधी मापात भरलेले नसायचे. पाटा तुटला की ड्रायव्हर शिव्या घालत माझ्याकडे यायचा, आणि मी तुटलेला पाटा बदलून वर एक जास्तीचा टाकायचो. जन्मभर गाड्या उचलायचंच काम केलं. गाडी खाली करा म्हणून माझ्या दुकानात एकही गिऱ्हाईक आलं नाही. आलं असतं तर मी त्याला डॉक्टरला दाखवायला सांगितलं असतं.

आणि नेमकी तीच जीभ मला नडली होती. तीन वर्षांपूर्वी शिमग्याला मुलगा मुंबईहून पहिल्यांदा ती गाडी घेऊन आला. दोन दारांची, पिवळी, कुणाची तरी वापरलेली स्पोर्ट्स कार. तिच्यासाठी त्याने चार वर्षं हौसमौज सोडली होती, हे मला नंतर बायकोकडून कळलं. आमची वाडी पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून, मग आत वळून वर. वाडीच्या अलीकडे पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, सिमेंटची मोरी आहे, छोटा पूलच, उंटाच्या पाठीसारखा. तिच्यावर गाडीचं पोट असं काही खरवडलं की तो आवाज अंगणापर्यंत आला. अंगणात पालखी होती, अख्खी वाडी होती, मुंबईकर होते. मुलगा उतरला तो चेहरा पाडूनच. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "ही गाडी हाय का जेवायला बसायचा पाट?"

लोक हसले. लोक हसले की मला चेव येतो. मी पुढे म्हणालो, "आण महाडला, दोन पाटे टाकून माणसांत आणतो तिला." पुन्हा हसले. मुलगा हसला नाही. पालखी घरात यायच्या आधीच त्याने गाडी वळवली. पालखीला खांदा द्यायला घरचा मुलगा नव्हता, शेजाऱ्याने दिला. त्यानंतर तो आला नाही. फोन आईला यायचा. मी जवळ बसलेलो असायचो, ती मुद्दाम मोठ्याने बोलायची, मी भिंतीकडे बघत ऐकायचो. माझं नाव कधी निघायचं नाही. माणूस जिवंतपणी असा वगळला जातो तेव्हा काय होतं ते मी इथे लिहीत बसत नाही. पण त्या तीन वर्षांत मी दुकान बंद केलं. कुणाची कमान सरळ करण्यात मन लागेना.

म्हणून तो प्रश्न आला तेव्हा मला आधी आनंद झाला आणि लगेच कोडं पडलं. त्याला पंचेचाळीस हवं असणार हे उघड होतं. पंचेचाळीस सांगितलं तर तो खूश, पण ती गाडी मोरी ओलांडून घरी येणं शक्य नाही. खाली करूच नको म्हणालो तर मी तोच, शिमग्यातला. वीस म्हणजे तरी काय, देवाला फूल वाहिल्यासारखं. त्याला वाटणार, म्हाताऱ्याने तोंडदेखलं हो म्हटलं. मला हो पण म्हणायचं होतं आणि तो घरीही यायला हवा होता. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते मला सुचेना.

मी बायकोकरवी त्याच्याकडून गाडीची मापं मागवली. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत किती, पोट जमिनीपासून किती, पेट्रोल भरून दोन माणसं बसल्यावर किती. त्याने सगळी पाठवली, एका फोटोत, कागदावर नीट लिहून. त्याचं अक्षर मी तीन वर्षांनी पाहिलं. मग मी फळ्या ठोकून एक सांगाडा केला. लांबी गाडीइतकी, चार कोपऱ्यांना चार लहान चाकं, आणि खाली मधोमध एक फळी, गाडीचं पोट जितकं वर तितकीच वर. ही फळी खालीवर सरकवता येत होती. वीससाठी एक भोक, तीससाठी एक, पंचेचाळीससाठी एक. सांगाड्याला दोरी बांधली आणि रस्त्यावरून ओढत निघालो.

पासष्टीचा माणूस दोरीला लाकडी गाडी बांधून ओढतोय हे बघून वाडीला करमणूक झाली. माझ्याच वयाचा शेजारी, ज्याने पालखीला खांदा दिला होता तो, बांधावरून ओरडला, "काय रे, खेळायला लागलास काय? झबलं टोपडं देऊ?" मी म्हणालो, "तुझं देऊ नको, वास येतो." पण मी थांबलो नाही. फळी जिथे अडेल तिथे खडूची रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन जायचं. दगड काढले, खड्डे भरले. चार दिवसांनी तो शेजारीही घमेलं घेऊन आला.

मोरीचं मात्र काही होईना. ती खाली करता येत नव्हती, आत पाइप होता. मग दोन्ही बाजूंचा रस्ताच वर आणायचा म्हणून मी मुरूम ओढून आणला, दगड बसवले, पाणी मारून चोपलं. आणखी भर टाकली असती तर पऱ्याचं पाणी अडून शेजाऱ्याच्याच गोठ्यात शिरलं असतं. जेवढं उचलता येत होतं तेवढं उचललं. मग सांगाडा ओढला. पंचेचाळीसला फळी मोरीवर जाऊन आपटली. वीसला चांगली दोन बोटं फट राहिली. तीसला मी रस्त्यावर आडवा पडलो, गाल खडीला टेकवून खालून पाहिलं. फळी आणि मोरी यांच्यामध्ये माझं एक बोट जात होतं. एकच.

एक बोट म्हणजे काय, हे कमानीच्या माणसाला विचारावं. मी महाडला जाऊन विचारलंसुद्धा. माझ्या बंद दुकानाशेजारी एकाचं कमानींचं दुकान अजून चालू आहे, पूर्वी त्याच्याशी माझं रोज भांडण. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मोकळी गाडी असेल तर तीस चालंल. भरली तर नाय. तू वीस सांग."

"वीस सांगितलं तर तो येणार नाय," मी म्हणालो. ज्या माणसाशी मी वीस वर्षं गिऱ्हाइकांवरून भांडलो त्याने माझ्याकडे बघायचं टाळून चहात बिस्कीट बुडवलं.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "त्याला सांग, तीस." तिने सांगितलं. मग तो म्हणाला, "बाबा खरंच खाली कर म्हणाले?" फोनमधला आवाज मला इतका स्वच्छ ऐकू आला की मी तिथून उठून गोठ्यात गेलो आणि तिथे रडलो. आनंदाने की कशाने, मला सांगता येणार नाही.

तो मे महिन्यात आला. एकटाच. येतो म्हणून फोन आल्यापासून मी मोरीशी जाऊन उभा होतो. पिवळी गाडी वळणावर दिसली, ती खरोखरच पाटासारखी दिसत होती, पण या वेळी मी तोंड मिटून ठेवलं. त्याने काच खाली केली. मी हाताने ये, ये केलं आणि रस्त्यावर पालथा पडलो. चाकं हळू चढली, पोट माझ्या डोळ्यांसमोरून सरकलं, उजेडाची एक चीर शेवटपर्यंत राहिली. गाडी पार झाली. मी उठलो तेव्हा तो दार उघडून माझ्याकडेच बघत होता. "बाबा, हा रस्ता कुणी केला?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "पंचायतीने." तो हसला. माझ्या शर्टवरची माती त्याने स्वतःच्या हाताने झटकली.

दोन दिवस राहिला. मला शेजारी बसवून पाचाडपर्यंत नेऊन आणलं. दुकान कधी, का बंद केलं ते विचारलं. स्प्रिंगा चाकामागे कशा बसल्यात ते त्याने मला गाडी जॅकवर घेऊन दाखवलं, आणि मी गुंडाळीवरून बोट फिरवून घडण चांगली आहे असं म्हणालो. त्या दोन दिवसांत मी एकही टोमणा मारला नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. आमच्याकडे मुंबईला जाणारं माणूस मोकळं जात नाही. मग ते बसने जावो नाहीतर विमानाने. बायकोने तीन वर्षांचं राहिलेलं एकदम काढलं. चाळीस किलोचं तांदळाचं पोतं, वीस नारळ, एक फणस, वाल, पिशवीभर सुकट. मुलगा म्हणाला, "आई, डिकी केवढीशी आहे. नको." ती नुसती पदराला हात पुसत उभी राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणावं, राहू दे गो, असं त्याला वाटत असावं. मी खाली वाकलो, पोतं खांद्यावर घेतलं आणि डिकीत घातलं. नारळ भोवतीने लावले. फणस आडवा बसवला. गाडी मागून खाली बसली.

मी त्याच्या मागोमाग मोरीपर्यंत चालत गेलो. पुढची चाकं पार झाली. मग तो आवाज आला, शिमग्यातल्यापेक्षा कितीतरी वाईट, आणि गाडी मोरीवर अडकून बसली. खाली पेट्रोलची टाकी फाटली होती. धार मोरीवरून पऱ्यात चालली होती. त्याने इंजिन बंद केलं, उतरून वाकून पाहिलं. तो ओरडेल म्हणून मी वाट पाहत होतो. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने डिकी उघडली आणि एकेक वस्तू काढून कडेला मांडली. वजन उतरल्यावर गाडी बोटभर उचलली गेली. "बाबा, तुमचं माप बरोबर होतं," तो म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला. दुपारी पोलादपूरहून उचलणारी गाडी आली, पिवळी गाडी तिच्यावर चढवली, तो ड्रायव्हरशेजारी बसला आणि गेला. घरी परत आला नाही. आईला सांगा, फोन करतो, इतकंच म्हणाला.

शेजाऱ्याने नारळ घेतले. पोतं मी घेतलं. चढ आहे, मी दोनदा टेकलो. बायको दारात होती. आवाज तिनेही ऐकला होता, पण काय झालं ते तिला पोतं परत येताना बघूनच कळलं. मी ते ओटीवर ठेवलं. ती पोत्याशी बसली, त्यावरची धूळ हाताने झाडत राहिली. मग म्हणाली, "अवो, मी बाई माणूस, मला काय कळतंय. तुमी तर कमानीचं माणूस. खांद्यावर घेतलात तेव्हा तुमाला वजन कळलं नाय?"

"कळलं होतं," मी म्हणालो.