सहदेव परबांचं गाऱ्हाणं

भांडुपच्या सहदेव परबांनी बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि तेवढीच वर्षं दुसऱ्यांच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली. त्यामुळे मुलाने, श्रेयसने, सात सीटची गाडी घेऊन पेंच आणि ताडोबाचा बेत आखला तेव्हा ‘चालवणार कोण?’ हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

अडचण एवढीच, की दोन महिन्यांपूर्वी मुलुंडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेलेली. “काका, गाडी बंद.” सहदेवनी तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत सरकवला. तिथे कोण हात घालतंय? स्टिअरिंग सुटलं की आपण सोसायटीच्या बाकड्यावरचे आजोबा, ही धास्ती.

नाशिकच्या पुढे लेन बदलताना उजवीकडून एक टँकर बोंबलत गेला. त्यांना तो दिसलाच नव्हता.

“आजोबा, ते काका काय ओरडले?” मागून सात वर्षांच्या गंधालीने विचारलं.

“हॅपी जर्नी.”

बायकोने, कुंदाने, मांडीवरचा चकल्यांचा डबा घट्ट धरला.

पेंचला जिप्सीच्या उजव्या अंगाने वाघीण निघाली आणि दोन ढांगांत पसार झाली. सहदेवनी मान वळवेपर्यंत नुसता बांबू हलत होता.

“दिसली ना आजोबा?”

“दिसली तर! काय शेपूट!”

“शेपूट म्हणे,” कुंदा पुटपुटली. “तुम्ही ड्रायव्हरचा गिअर बघत होतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताडोबाला निघायचं होतं. परबांची गाडी गाऱ्हाण्याशिवाय हलत नाही. घरातल्या थोरल्याने नारळ धरून देवाला विनवायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. भांडुपला सहदेवनी ते घाईत, देवाची नजर चुकवून उरकलं होतं. आज गंधाली हात जोडून नेमकी समोर उभी राहिली.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज तुझी लेकरां ताडोबाच्या वाटेक लागतत.”

“व्हय म्हाराजा!”

सहदेव थांबले. हातातला नारळ जड झाला.

“गाडी चालवणाऱ्याक उजव्या बाजूचा दिसणा नाय. डॉक्टरान गाडी बंद सांगितल्यान, ता ह्यान कोणाक सांगूक नाय.”

“व्हय म्हाराजा!” सवयीने सगळे एका सुरात म्हणाले. मग एकेकाचं तोंड उघडंच राहिलं.

“बाबा,” श्रेयस म्हणाला, “गंधाली मागे बसली होती.”

त्याने हात पुढे केला. सहदेवनी आधी नारळ फोडला, मग चावी दिली.

ते पुढे डावीकडे बसले. दर वळणाला त्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. मुलगा आता नेमका त्या न दिसणाऱ्या बाजूला होता. त्याचा चेहरा बघायचा तर पूर्ण मान वळवायला हवी होती. ताडोबाच्या गेटपर्यंत त्यांना ते जमलं नाही.