कुलपातला इनहेलर

फार्मसी शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, कॉलेजच्या तपासणीत दाखवण्यासाठी घेतलेलं साहित्य वर्षभर कुलपातच राहतं, हे दुखणं आपल्या सगळ्यांचं आहे.

सोमवारपासून आमची मुलं दवाखान्यात प्रशिक्षणाला जाणार, म्हणून आज वर्गात तालीम घेतली. रुग्ण म्हणून प्रयोगशाळा झाडणाऱ्या शेवंतामावशींना बसवलं. त्यांना खरोखरच दमा आहे.

माढ्याच्या स्वप्नालीने औषध श्वासनलिकेत काय काम करतं, ते सुरेख सांगितलं.

"ते ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाल्या, "वढायचं कसं ते दाव की."

कॉलेजचा इनहेलर कपाटात, किल्ली ऑफिसात. मावशींनी पिशवीतून स्वतःचा काढून दिला. स्वप्नाली तो नुसता फिरवून बघत राहिली.

"आदी टोपान तर काड की, डॉक्टरीनबाई!"

वर्ग हसला. स्वप्नाली हळूच म्हणाली, "सर, मी आज पहिल्यांदाच हातात धरलाय."

"मलाबी कुनी दावलं न्हाय," मावशी म्हणाल्या. "दोन वर्सं नुसतं तोंडात फवारती. दम काय थांबत न्हाय."

मग कुणी हसलं नाही. दोघींना मी शिकवलं खरं, पण इतकी वर्षं त्या कपाटासमोरूनच तर मी वर्गावर जात होतो. आज फार थकलो.

आपण तपासणीला घाबरतो, रुग्णाला नाही. उद्या कॉलेजात गेल्यावर आधी किल्ली मागा आणि तो इनहेलर मुलांच्या हातात द्या.