माशी जाईल एवढी फट

पिंपळे गुरवमधल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात, आगीच्या पाइपाची लाल पेटी आहे. तिची काच एका कोपऱ्यात फुटलेली होती. ती बदलायचा ठराव सोसायटीच्या दोन बैठकांत मंजूर झाला होता, काच मात्र तशीच होती. गणपतीनंतर कधीतरी त्या फुटक्या कोपऱ्यातून सातेरी माश्या आत शिरल्या आणि गुंडाळलेल्या पाइपामागे त्यांनी घर केलं. सातेरी म्हणजे आपली लहान माशी, अंधारात एकाशेजारी एक पोळी बांधणारी. आग्या मोहोळासारखी ती अंगावर धावून येत नाही. मला हे माहीत नव्हतं, बायकोला होतं. तिचं माहेर राजगुरुनगरच्या पुढे आहे आणि तिचा धाकटा भाऊ शेतात मधपेट्या ठेवतो.

ती सकाळचा चहा घेऊन जिन्यात बसू लागली. मी कंपनीच्या बससाठी उतरायचो तेव्हा ती पायरीवर, नजर त्या फुटक्या कोपऱ्यावर. एकदा मी घड्याळ लावून आत येणाऱ्या माश्या मोजून पाहिल्या. मिनिट संपायच्या आत हिशेब चुकला. मोजणं हा तर माझा धंदा; चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात माझी निम्मी हयात गेली.

मग सेक्रेटरींनी नोटीस लावली. सोमवारी आग-तपासणीवाले येणार, त्याआधी सकाळी फवारणी करून माश्या काढल्या जातील. सेक्रेटरी म्हणजे एका टूलरूममधून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावरचे काका. बायको थेट त्यांच्या दारात गेली.

"काका, त्यांनी कोणाचं काय केलंय?"

"काही नाही केलं गं. पण तपासणीवाल्यानं पाइप ओढला आणि सगळ्या बाहेर आल्या, तर सर्टिफिकेट त्या देणार आहेत का?"

"रविवारी संध्याकाळपर्यंत मी त्यांना दुसऱ्या घरात हलवते. नाही जमलं तर मारा."

ती घरी येऊन म्हणाली, "मधपेटी तू करून आण." 'तर मारा' हे शेवटचे दोन शब्द तिनं काकांना बोलून टाकले होते, आणि तेच तिला खात होते हे मला दिसत होतं.

मेहुण्यानं फोनवर पेटीची आतली मापं सांगितली. ती मी जेवणाच्या सुट्टीत टूलरूममधल्या मित्रापुढे ठेवली आणि पेटीचं काम माझ्या हातातून गेलं. त्यानं संगणकावर ड्रॉइंग काढलं. पॅकिंगच्या खोक्यांचं स्वच्छ पाइन लाकूड निघालं. चार जणांनी जेवणाच्या सुट्ट्या त्यात घातल्या. शनिवारी ती पेटी मी बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. आत पोळी बांधायला सहा चौकटी. चौकट वरून सोडली की ती आतली हवा दाबत, आवाज न करता, आपल्याच वजनानं हळूच खाली बसायची. बसमधल्या प्रत्येकानं ते करून पाहिलं. "भावा, काय फिटिंग आहे!" असं मागच्या सीटपर्यंत चाललं होतं. बाजूला अर्धा मिलिमीटरसुद्धा फट नव्हती. मला पेटीचा अभिमान वाटत होता.

रविवारी दुपारी मेहुणा मोटारसायकलवर आला. त्यानं गोवरीचा धूर दिला, पाइप अलगद सरकवला आणि पोळी एकेक कापून परातीत ठेवली. बायको केळीच्या सोपटानं पोळी चौकटीत बांधत होती. पहिली चौकट तयार झाली, माश्या तिला बिलगल्या आणि मेहुण्यानं ती पेटीत सोडली. बारीक कुरकुर ऐकू आली. त्यानं चौकट तशीच वर ओढली. दोन्ही कडांना चिरडलेल्या माश्या.

"दाजी, ही पेटी हाय का कपाटाचा ड्रावर?"

"का? बसत नाही?"

"लई बसती, तीच तर बोंब हाय. बाजूनं माश्यांनी फिरायचं कसं? हितं वारा जाईना."

"मग किती जागा लागते?"

"माशी जाईल एवढी."

"म्हणजे किती?"

"मी काय मोजलीय व्हय? मी तयार पेट्या आणतो. मला वाटलं, एवढं तर तुमाला सुचंल."

परातीतल्या पोळ्यांत पिल्लं होती. ती फार वेळ उघडी ठेवता येत नाहीत. माश्या पाइपाच्या पितळी तोंडावर गोळा होऊन बसल्या होत्या आणि तो गोळा मधूनच थरथरत होता. बिथरल्या तर उडून जातील, राहिल्या तर सकाळी फवारा. मी घरातून व्हर्नियर आणला. पायरीवर एक माशी अख्ख्या अंगानं मरून पडली होती. तिला हलकेच त्याच्या जबड्यांत धरून पाठीपासून पायापर्यंत मोजलं. चारला थोडं कमी.

"चार मिलिमीटर फट ठेवू," मी म्हणालो.

वरच्या पायरीवरून, नाकाला रुमाल लावून उभ्या असलेल्या सेक्रेटरींचा आवाज आला. "आणि समोरून दुसरी आली तर? ती काय रिव्हर्स घेणार? दुप्पट धर. आठ."

म्हणजे प्रत्येक चौकटीच्या बाजूच्या पट्ट्या उपटून आठ-आठ मिलिमीटर आत ठोकायच्या आणि खालची पट्टी सोळानं कापायची. सहा चौकटी. आमच्या इमारतीत साखर उसनी मिळेल न मिळेल, हॅक्सॉ मात्र घरटी आहे. दुसऱ्या मजल्यावरचे लातूरचे फिटर लुंगीवरच हॅक्सॉ घेऊन आले. समोरच्या ताई कंपनीत असेंब्लीवर आहेत, त्या पकड आणि हातोडी घेऊन आल्या. जिन्यात कापणं, उपटणं, ठोकणं सुरू झालं. सेक्रेटरी थोडा वेळ बघत राहिले. मग रुमाल खिशात गेला.

"अहो, ब्लेड उलटं लावलंय राव. दात पुढं. बत्तीस वर्षं कोणत्या कंपनीत होतात?"

"काका, तुम्ही फवाराच मारा, टोमणे नका मारू," फिटर म्हणाले.

काका खाली गेले आणि आठ नंबरची, म्हणजे बरोबर आठ मिलिमीटर जाडीची ॲलन की घेऊन आले. पेटीची भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये ती आडवी धरायची, खिळा ठोकायचा, की काढून घ्यायची. प्रत्येक फट आठची. सहाही चौकटी त्यांनी स्वतः तपासल्या आणि एक परत केली, साडेसात भरते म्हणून. मेहुणा कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, माश्यांकडं व्हर्नियर न्हाई!"

"माझ्याकडे आहे ना."

उजेड कमी होत आला तेव्हा शेवटचं पोळं बांधून झालं. मेहुण्यानं उघड्या बोटांनी माश्यांचा गोळा चाचपला आणि लांबट, काळसर राणी हलकेच पेटीत सोडली. मग पेटीचं दार त्या गोळ्याला टेकवलं. आधी काहीच झालं नाही. जिन्यात एवढी माणसं आणि कोणी हालेना. मग दारातल्या चार-पाच माश्यांनी शेपट्या वर करून पंख चालवायला सुरुवात केली आणि त्यांच्यामागून सगळा गोळा, शिफ्ट सुरू होताना गेटमधून लोक आत जातात तसा, चालत आत गेला. ताईंनी टाळ्या वाजवल्या. फिटरांनी त्यांना गप्प केलं आणि मग स्वतःच वाजवल्या.

पेटी आम्ही जिन्याच्या खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर ठेवली, जुन्या जागेपासून दोन हातांवर. जाताना मेहुणा बहिणीला म्हणाला, "अजून जाऊ बी शकतात, ताई. पायाला पिवळ्या गोळ्या लावून येताना दिसल्या की समज राहिल्या. पिल्लं भरवायची असली तरच पराग गोळा करतात."

सोमवारी तपासणी पार पडली. काकांनी फवारणीवाल्याला गटाराच्या डासांकडे पिटाळलं. सोमवारी माश्या रिकाम्या पायांनी येत राहिल्या, मंगळवारीही. बायकोचा चहा पायरीवर गार होत होता आणि शेजारी काकांचाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. पलीकडे एवढी गडबड होती की मला आधी भांडण वाटलं. "पिवळं!" ती ओरडत होती. "दोन्ही पायांना! काका म्हणतात चारातली एक, मी म्हणते तिनातली एक. तू ये आणि मोज!"

मी फोन ठेवला आणि टेबलावर सांगितलं की माश्या राहिल्या. ड्रॉइंग काढणाऱ्या मित्रानं डबा बाजूला सरकवून कागद ओढला.

"फट शेवटी किती ठेवली?"

"आठ."

"एका बाजूला का दोन्ही?"

"दोन्ही."

त्यानं ते ड्रॉइंगवर लाल पेननं लिहिलं, सही केली आणि म्हणाला, "आता माझ्या सासऱ्यांसाठी एक करू. तळेगावला त्यांची बाग आहे."