दाराआडचं मानसशास्त्र

चाळिशी उलटल्यावर माणसं तीर्थयात्रेला निघतात, मी मानसशास्त्राला निघालो. सोनपेठेत माझं कापडाचं दुकान होतं, गळ्यात इष्टलिंग होतं, घरात नवी सून आली होती. कशाची उणीव नव्हती. पण हैदराबादेहून बदलून आलेल्या हेडमास्तरांनी ‘नफ्सियात’चं, म्हणजे मनाच्या शास्त्राचं, एक उर्दू पुस्तक हातात ठेवलं आणि माझं डोकं फिरलं. निजामाच्या राज्यात शाळा शिकलेल्याला उर्दू येणारच. दुकान बंद केलं की मी हेडमास्तरांकडे एकेक धडा समजून घ्यायला जाऊ लागलो. थोड्याच दिवसांत मला गावातल्या प्रत्येकाच्या मनातलं कळायला लागलं, फक्त ते त्यांना पटत नव्हतं. गिऱ्हाईक लुगड्याच्या रंगावर अडलं की मी त्याचं बालपण विचारायचो, आणि ते समोरच्या दुकानात जायचं.

अशात सून जेवेनाशी झाली. पर्वणीला बायकांबरोबर गोदावरीवर स्नानाला गेली होती, तिथून आल्यापासून ताटाला हात लावेना. विचारलं तर भूक नाही म्हणायची. तोंड सुकून गेलं, उठताना भिंत धरायला लागली. बायको घाबरली. वैद्याला बोलवा म्हणाली. मी म्हणालो, हा मनाचा रोग आहे, वैद्याचं इथं काम नाही. काळजी मलाही होती, पण खरं सांगायचं तर जरा आनंदही झाला होता. पहिला रोगी घरातच सापडला होता.

अडचण एकच होती. पुस्तकात लिहिलं होतं, रोग्यानं मनात येईल ते मोकळेपणानं बोलावं. आमच्यात सून सासऱ्यासमोर मोकळेपणानं खोकतसुद्धा नाही. म्हणून सून माजघरात, मी ओसरीवर पुस्तक घेऊन आणि मधे दारात बायको, अशी आमची बैठक बसली.

“तिला इचार, लहानपनी कशाचं भ्याव वाटायचं?”

बायको आत वळून पुन्हा माझ्याकडे वळली. “कशाचंच न्हाई म्हनायली.”

“सपनात काय दिसतंय?”

“लेकराच्या पोटात अन्न न्हाई अन् तुमी सपनं काय इचारायलात? तुमी जरा दुकानात जावा.”

मी रागानंच गेलो. संध्याकाळी परतलो तर मठातले स्वामी घरातून बाहेर पडत होते. मी गेल्यावर बायकोनं सुनेला जवळ घेऊन विचारलं होतं, तेव्हा सगळं बाहेर आलं. नदीत बुडी मारताना सुनेच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीची कडी निघून झाकण उघडलं आणि आतलं इष्टलिंग पाण्यात गेलं. आम्ही लिंगायत लिंगाची पूजा केल्याशिवाय तोंडात घास घालत नाही. पोरगी रोज आमच्याकडं पाठ करून रिकाम्या डबीपुढं बसायची आणि उपाशी उठायची. मीही रोज तीच पूजा करून जेवणारा माणूस, पण माझ्या डोक्यात ते आलं नाही. आता स्वामींनी नवं लिंग दिलं होतं, पूजा होऊन ती जेवायला बसली होती.

“पहिल्याच दिशी का सांगितलं न्हाई तिनं?” मी विचारलं. “स्वामी काय लांब हायत?”

“भ्याली तुमाला,” बायको म्हणाली. “नदीला जायच्या आदल्या दिशी आपल्या पोरानं छत्री हरवली, तवा तुमीच न्हाई का त्याला सुनावलं? मानसाला जे मनातून नको असतंय, तेच त्याच्या हातून हरवतंय म्हून. पुस्तकात लिवलंय म्हून. आता लिंग हरवलं म्हनल्यावर तिला काय म्हनले असते तुमी?”

लाज वाटली, फार लाज वाटली. मी माजघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो आणि सून घरात आल्यापासून पहिल्यांदा तिच्याशी थेट बोललो.

“पोरी, पुस्तकातलं ते समदं खोटं हाय. पोटभर जेव.”

आतून आवाज आला, बारीक, पण तिचा स्वतःचा.

“जेवायले, आप्पा. पन छत्री त्यांला खरंच नको हुती.”