केशरी ढगातला मामा

चहा आधी संपवा बघू. कप खाली ठेवा आणि मग ऐका. हा किस्सा पहिल्यांदा ऐकला तेव्हा पुण्यातल्या माझ्या शेजारणीच्या हातातून अख्खी किटली सुटली होती, म्हणून आपलं आधीच सांगून ठेवते.

मी पुण्यात कॅमेरा शिकते. म्हणजे सिनेमाचं छायाचित्रण, लाइटिंग वगैरे. आई पलूसमध्ये सगळ्यांना सांगते, "शूटिंगचं शिकतीया," आणि समोरची बाई माझ्याकडे निरखून बघते, हिला कुठल्या मालिकेत बघितलं बरं? असो. तर माझं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. पहिलं वर्ष संपलेल्या विद्यार्थ्याइतका शहाणा माणूस जगात दुसरा असतो का हो? नसतो!

त्यातच दादाचं लग्न ठरलं. वहिनी आष्ट्याची. दादाने गावातलाच एक व्हिडिओवाला सांगून ठेवला होता. मी घर डोक्यावर घेतलं. "घरात कॅमेरा शिकणारी पोरगी असताना बाहेरचा माणूस? आणि तो फिरत्या बदामात नवरा-नवरी घालणार? मी असताना?" दादा गरीब स्वभावाचा. त्याने व्हिडिओवाल्याला नको म्हणून सांगितलं.

आता मामा. हा मामा नीट लक्षात ठेवा, सगळं त्याच्यावर आहे.

आईचा थोरला भाऊ, कुंडलचा. त्याची फार इच्छा होती, आपली कोमल दादाला द्यायची. दादा नको म्हणाला. कोमल तर त्याच्याही आधी नको म्हणाली होती, पण तिला विचारतंय कोण! मामा जो रुसला, तो रुसलाच. आमच्याकडे येणं बंद, आईला सणाला बोलावणं बंद. आई वरून काही बोलायची नाही, पण कुंडलची एसटी दारावरून गेली की हातातलं काम सोडून बघत राहायची.

आणि लग्नात नवरदेवाच्या मागे मामा उभा नसला, तर सगळा मांडव विचारतो, "मामा कुठाय?" शेवटी आई स्वतः कुंडलला गेली, भावापुढे रडली, आणि मामा आला. केशरी फेटा, पांढरा सदरा, मिशीला पीळ. दादाच्या मागे असा छाती काढून उभा राहिला, की आईने मंगलाष्टकं सोडून त्याच्याकडेच बघितलं.

आणि मी? मी माझी लाडकी लेन्स लावली होती. तिचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं, की जिथे नेम धराल तेवढंच स्वच्छ दिसतं, मागचं-पुढचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. लय भारी दिसतं. वर्गात सगळे त्यासाठी जीव टाकतात.

लग्न झालं, मी व्हिडिओ कापला, जोडला, आणि आईने मामाला खास जेवायला बोलावलं. पुरणपोळीचा बेत. भांडणानंतर मामा पहिल्यांदा आमच्या घरात जेवायला बसत होता. समोर टीव्हीवर मी लग्न लावलं.

अंतरपाट आला. मामा पोळी मोडता मोडता थांबला.

"ह्यो केशरी डाग कसला गं?"

दादाने पानात मान घातली. बापू, म्हणजे माझे वडील, उगाच मीठ शोधायला लागले.

"मामा... ते तुम्हीच."

"मी?"

"तो इफेक्ट असतो मामा. फोकस पुढे आहे ना. तुम्ही बॅकग्राउंडला आहात."

"बॅकग्राउंड?" मामाने घास खाली ठेवला. "मी भाच्याच्या पाठीशी हुबा ऱ्हायलो ते बॅकग्राउंड म्हून? आन् फोकस कशावर हाय?"

फोकस दादाच्या कानावर होता. कानाच्या पाळीवर अक्षतेचा एकच दाणा अडकला होता, मागून ऊन येत होतं, आणि तो दाणा मोत्यासारखा चमकत होता. काय शॉट होता म्हणून सांगू! आमच्या सरांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

"कान लय झ्याक आलाय," मामा म्हणाला. "मी नवऱ्याचा मामा, का कानाचा?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं ना? पण मी समजावायला गेले. "मामा, फ्रेममध्ये एकच गोष्ट महत्त्वाची असते. बाकीचं बिनमहत्त्वाचं आपण मुद्दाम पुसून टाकतो."

मुद्दाम! पुसून! हे दोन्ही शब्द माझ्याच तोंडून गेले. मामा अर्ध्या पानावरून उठला.

"ऐकलंस सुमन? तुझ्या लेकीनं मुद्दाम पुसलंय मला!"

"आण्णा, आरं जेवून तरी जा!" आई मागे धावली. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. आई आत येऊन उंबऱ्यापाशीच बसली. "तुला शिकाय धाडली, ती मानसं पुसाय शिकून आलीस व्हय गं? माझं म्हायेर परत बंद केलंस तू."

मला इतकं वाईट वाटलं, की मी दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग मला उपाय सुचला. तेवढाच प्रसंग परत शूट करायचा! दादा तोच, फेटा तोच, मामा तोच. व्हिडिओत बेमालूम जोडून टाकायचा. आईने परत कुंडल गाठलं. मामा आढेवेढे घेत कबूल झाला, पण अट घालून. "फेट्याचा पीळ न् पीळ दिसला पायजे. आन् मिशी."

रविवारी सकाळी मामा हजर. सोबत कोमल, गंमत बघायला. तेव्हा आखाड लागला होता. आमच्याकडे नवी सून आखाडात माहेरी जाते, तशी वहिनी आष्ट्याला गेलेली. आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे अंगणात असा मऊ, सारखा प्रकाश, की कुणाच्या तोंडावर सावलीचा ठिपका नाही. मी खूश! सगळ्यांचे मोबाइल बंद करून एका वेताच्या पाटीत ठेवायला लावले. शूटिंग म्हणजे शिस्त.

या वेळी लेन्सचं तोंड अगदी बारीक केलं. आता दादाच्या नाकापासून मागच्या गोठ्यातल्या म्हशीच्या शेपटीपर्यंत सगळं लख्ख. मामाला उभा केला, दादाला उभा केला, बापूंनी आणि माझ्या काकूंनी शाल अंतरपाट म्हणून धरली. कॅमेऱ्यातून बघते तर काय, अंतरपाटाच्या पलीकडे मोकळं! फ्रेम एका बाजूला कललेली.

"कोमल, तू उभी राहा बरं तिकडे."

"मी न्हाई बाई!" कोमल हसून लोळायला लागली. "ह्या दादासमोर? नगं!"

"सोने, आगं दुसरं कुनीबी बघ की," आई हळूच म्हणाली. "बरं दिसत न्हाई ते."

"आई, फ्रेम रिकामी दिसते!"

बघा, माझी आई, सातवी शिकलेली, तिला कळत होतं. आणि मी? मला दिसत होतं ते एवढंच, की कोमलच्या गालावर प्रकाश फार सुरेख पडतोय. वर आणखी शहाणपणा असा, की आधीच्या शॉटशी कपडे जुळायला हवेत. म्हणून मी वहिनीचं कपाट उघडलं, तिचा लग्नाचा लाल शालू काढला आणि कोमलला नेसवला. मुंडावळ्यासुद्धा तिच्याच बांधल्या!

बापूंनी मंगलाष्टक म्हटलं, आईने अक्षता उधळल्या, अंतरपाट बाजूला झाला. मामा मागे तोफेसारखा उभा. एका टेकमध्ये ओके!

मी क्लिप मामाला दाखवली. तो बघतच राहिला. मग उपरण्याने डोळे पुसले. "आत्ता दिसलो बग सुमन." आईपण रडायला लागली. दोघं एका ताटात जेवायला बसली हो! मला वाटलं, आपण जिंकलो. मामा म्हणाला, "माझ्या मोबाइलवर घाल ते," आणि मी मोठ्या कौतुकाने घातलं. कोमल आत शालू सोडून पडवीत भांडी घासत होती. बाकी सगळ्यांचे मोबाइल पाटीत तसेच बंद पडून राहिले. त्यांची कुणाला आठवणच नाही.

मामाने ती क्लिप लगेच स्टेटसला ठेवली. खाली लिहिलं, 'आज भाच्याच्या लग्नात. आनंदी आनंद.'

आणि मामाचा नंबर आष्ट्याच्या सगळ्या सोयऱ्यांकडे होता, बरं का!

आता तुम्ही आष्ट्यात बसलेले आहात असं समजा. लेक आखाडाला माहेरी आलीय. मोबाइल उघडता, तर जावई मुंडावळ्या बांधून उभा आहे आणि समोर मामाची पोरगी! तीही आखाडात, जेव्हा कुणी साखरपुडासुद्धा करत नाही. म्हणजे चोरून, घाईघाईने उरकलेलं! जावयाला फोन लावला, बंद. व्याह्यांना लावला, बंद. विहीणबाईंना लावला, बंद! काय वाटेल तुम्हाला?

आमच्या दारात जीप येऊन थांबली. जीपमधून माणसं उतरतच होती. वहिनीचे वडील, म्हणजे आबा, वहिनीचा भाऊ, दोन चुलते, मागून वहिनी. डोळे रडून लाल. पण तोंडातून पहिला शब्द काय यावा?

"शालूबी माझाच नेसवला व्हय?"

दादा हातात ताकाचा पेला घेऊन तसाच उभा. मामाला अजून काही कळलेलंच नव्हतं. तो आबांना म्हणाला, "या या पाव्हणं! बगितलं का स्टेटस? कसा दिसतोय मी?"

"आवं, तुमाला कोन बगतंय?" आबा कडाडले. "नवरी कोन हाय ती बोला!"

मामाने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. खरं सांगते, त्या माणसाने इतका वेळ त्या क्लिपमध्ये फक्त स्वतःला बघितलं होतं. "आयला! ही तर आमची कोमी!"

मग सगळे एकदम बोलायला लागले. आई हात जोडत होती, कोमल साबणाच्या हातांनी शपथा घेत होती. मी पुढे झाले. "आबा, हे खोटं लग्न आहे. खरं लग्न माझ्याकडे आहे. थांबा, दाखवते!"

आणि पुरावा म्हणून मी, माझ्या या दोन हातांनी, टीव्हीवर ते खरं लग्न लावलं.

कान आला. अक्षतेचा दाणा आला.

"ह्यात माजी लेक कुठाय?" आबांनी विचारलं.

"ती... कानाच्या पलीकडे. तो लाल ढग आहे ना..."

आबा खाली बसले. "म्हंजी खऱ्या लग्नात नवरी दिसंना, आन् खोट्या लग्नात पोरीच्या गालावरचा तीळसुद्धा दिसतोय! काय शिकतीस गं तू पुन्यात?"

जिथे सगळं स्वच्छ दिसायला हवं तिथे मी धुरळा केला, आणि जिथे देवाने धुरळाच करायला हवा होता तिथे लख्ख दाखवलं.

शेवटी तोड वहिनीनेच काढली. तिने डोळे पुसले, शालू हातात घेतला आणि म्हणाली, "आखाड मोडला तर मोडू दे. माझं लगीन परत लावा. आन् कॅमेरा वन्संकडं न्हाई!"

झालं! परत शाल धरली, परत बापूंचं मंगलाष्टक. मामा म्हणाला, "मी मागं हुबा ऱ्हानार न्हाई, भाच्याच्या बराबर ऱ्हानार!" आबा म्हणाले, मग मीपण लेकीच्या बरोबर. सगळे एका रांगेत. शूटिंग वहिनीचा भाऊ त्याच्या मोबाइलवर करणार. आईने माझ्या हातात कळस दिला. "तू करवली. खऱ्या लग्नात तुझी जागा मोकळीच होती. आज गप मागं हुबी ऱ्हा."

मी माझा निळा ड्रेस सावरून, दादाच्या मागे, चेहरा प्रकाशाकडे करून, छान उभी राहिले. मनात म्हटलं, चला, मामा जेवला, वहिनी हसली, आईचं माहेर उघडं राहिलं. मला आणखी काय पाहिजे?

लग्न लागलं. सगळे त्या मोबाइलभोवती जमले. दादा लख्ख, वहिनी लख्ख, आबा लख्ख, मामाच्या फेट्याचा पीळ न् पीळ लख्ख. वहिनीच्या भावाने कुठलंतरी बटण दाबलं होतं, मागचं आपोआप पुसणारं. त्याला ते ठाऊकही नव्हतं.

मामाने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"समदं झ्याक आलंय," तो म्हणाला. "पन पोरांनो, मागं ह्यो निळा डाग कसला?"